ब्लॅक होल आटते, मग आत पडलेल्याचं काय? भांडणाची पार्श्वभूमी

वाशीमची शीव ओलांडली की हिंगोली, तिथं औंढ्याजवळ लायगोचं (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) ठरलं तेव्हापासून इकडच्या पोरांच्या ग्रुपवर ब्लॅक होलच चालू आहे आणि दर वेळी भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं नाव निघते. पण राजेहो, पहिली काडी टाकली जेकब बेकेन्स्टाईननं, तेव्हा तो प्रिन्स्टनला पीएचडी करत होता.

1971 मध्ये हॉकिंगनं मांडलं की होरायझनचं, म्हणजे ज्या सीमेच्या आतून काहीच परत येत नाही तिचं, एकूण क्षेत्रफळ कधी कमी होत नाही (लायगोच्या 2015 च्या पहिल्या सिग्नलवरून हे नंतर तपासलं, जुळलं). बेकेन्स्टाईन 1972 ला म्हणे, मंग हे क्षेत्रफळ म्हणजे एन्ट्रॉपीच (अव्यवस्थेचं माप, तेही आपोआप कमी होत नाही) की. हॉकिंगला हे बिलकुल पटलं नाही, कारण एन्ट्रॉपी आली की तापमान आलं, अन् तापमान आलं की काहीतरी बाहेर पडलंच पाहिजे, आणि ब्लॅक होलमधून कसं पडंल? मंग त्यानं होरायझनजवळच्या क्वांटम फील्डचं गणित स्वतः केलं आणि 1974 ला उत्तर निघालं बेकेन्स्टाईनच्याच बाजूनं! ब्लॅक होलमधून मंद रेडिएशन बाहेर पडते, अन् त्यानं ते हळूहळू आटत जाते. सूर्याएवढ्या ब्लॅक होलचं तापमान मात्र केल्विनच्या कोटीव्या भागाहूनही कमी, आणि भोवतालचं आकाश 2.7 केल्विन, म्हणून हे रेडिएशन लायगोत दिसंल अशी आशा कोणी धरू नका.

खरी पंचाईत 1976 ची. पऱ्हाट्या जाळल्या तरी धूर, राख, उष्णता सगळं बारीक मोजलं तर निदान तत्त्वतः मूळ काय होतं ते काढता येते, क्वांटम नियम तेच सांगतात. हॉकिंगच्या हिशोबात रेडिएशनवर फक्त वस्तुमान, चार्ज अन् फिरण्याचा ठसा, बाकी सगळं साफ. म्हणजे माहिती कायमची गेली असं त्याचं म्हणणं. लिओनार्ड ससकिंड अन् गेरार्ड 'ट हूफ्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही.

1993 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेजनं दाखवलं की माहिती शिल्लक राहत असंल तर रेडिएशनची एन्ट्रॉपी आधी वाढंल आणि ब्लॅक होल साधारण अर्धं आटलं की उतरंल. माहिती हरवते यावर हॉकिंगनं 1997 ला पैज लावली, 2004 ला हार मानली, पण गणित त्यानं काही पुढं सरकलं नाही. उलट 2012 ला नवाच वाद, की माहिती वाचवायची तर होरायझनवर आगीची भिंत, म्हणजे आत पडणाऱ्याला जाळून टाकणारी, मानावी लागंल.

2019 मध्ये पेनिंग्टन आणि अल्महेरी वगैरे भौतिकशास्त्रज्ञांनी पेजनं सांगितलेला एन्ट्रॉपीचा उतार गणितातून काढला, मोठी गोष्ट आहे, पण सोप्या मॉडेलमध्ये. बाहेर पडणारा एकेक कण ती माहिती नेमकी कशी घेऊन येते, तिथं गाडी अजून अडलेलीच आहे.