उशीचा अभ्रा: सिल्कचा घ्यावा की सॅटिनचा?

ऑनलाइन दुकानात ‘सॅटिन सिल्क पिलो कव्हर’ शोधलं की तीनशे रुपयांची जोडी आणि तीन हजारांचा एकच अभ्रा शेजारीशेजारी येतात. दोन्ही फोटोंत तीच चमक, तोच फिकट गुलाबी रंग, आणि खाली तेच दावे: केस तुटणार नाहीत, चेहऱ्यावर वळ उठणार नाहीत, पिंपल्स कमी होतील. मग किमतीत एवढा फरक कशाचा, हे कुठेच धड लिहिलेलं नसतं. ‘सॅटिन सिल्क’ हा जोडशब्द तर बऱ्याचदा ‘पॉलिएस्टर’ लिहायला नको म्हणूनच वापरलेला असतो.

सिल्क म्हणजे रेशीम, आणि रेशीम हा धागा आहे. कोषातून निघणारा, प्रथिनाचा. सॅटिन ही वीण आहे. कापड विणायच्या मूळ पद्धती तीन: साधी, ट्विल (जीन्सवर तिरक्या रेघा दिसतात ती) आणि सॅटिन. साध्या विणीत उभा धागा एका आडव्या धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो. सॅटिनमध्ये तो चार किंवा त्याहून जास्त आडव्या धाग्यांवरून थेट जातो आणि मग एकदाच खाली बुडी मारतो. त्यामुळे वरच्या बाजूला लांबलांब मोकळे धागे पडून राहतात. उजेड त्यांच्यावरून एकसारखा परततो म्हणून चमक, आणि वरखाली वळणं कमी म्हणून गुळगुळीतपणा. असं कापड उलटं करून बघा, मागची बाजू निस्तेज दिसते. लाडू म्हटल्यावर आकार कळतो, तो बेसनाचा की रव्याचा हे विचारावं लागतं. सॅटिनचं तसंच आहे. ते रेशमाचं असतं, सुताचं असतं आणि बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते पॉलिएस्टरचं.

उलट बाजूही तितकीच खरी. रेशीम आहे म्हणजे गुळगुळीत असेलच असं नाही. पैठणीचं अंग रेशमाचं, पण वीण साधी. भंडारा-गडचिरोलीकडचं टसर हेही अस्सल रेशीमच, पण त्याचा धागा भरड. त्याचा अभ्रा करून झोपलात तर केसांचं भलं होणार नाही. शाळेत वेण्यांना बांधायची लाल रिबीन सॅटिनची, पण रेशमाशी तिचा काडीचा संबंध नाही. गुजरातेत पाटणला विणतात त्या पारंपरिक मशरू कापडाची तर वेगळीच गंमत: वीण सॅटिनची, वर रेशीम आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत. मुसलमान पुरुषांना अंगाला रेशीम लावायची धर्माने मनाई, त्यावर विणकरांनी काढलेली ही वाट.

उशीसाठी जे चांगलं सिल्क विकतात ते बहुधा तुतीच्या रेशमाचं, सॅटिन विणीतच विणलेलं कापड असतं. म्हणजे तीन हजारांचा तो अभ्राही सॅटिनचाच! खरी निवड आहे ती रेशीम आणि पॉलिएस्टर यांच्यात.

आधी केसांचं बघू. केसाच्या बाहेरच्या थरावर एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. रात्रभर आपण कूस बदलतो तेव्हा हे खवले साध्या सुती कापडाच्या तंतूंवर घासतात, अडकतात. गुंता होतो, टोकं दुभंगतात, आधीच कमजोर झालेला केस मध्येच तुटतो. कुरळ्या, कोरड्या, रंगवलेल्या किंवा स्ट्रेटनिंग केलेल्या केसांना हा त्रास जास्त. गुळगुळीत कापडावर घर्षण कमी होतं, आणि हा गुळगुळीतपणा मुख्यतः विणीचा. त्यामुळे केसांपुरतं पॉलिएस्टरचं सॅटिनही जवळपास तेच काम करतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया रात्री केसांवर सॅटिनची टोपी किंवा स्कार्फ बांधून झोपतात, तेही पिढ्यान्‌पिढ्या. अभ्र्यांच्या जाहिराती फार नंतर आल्या.

पण केस तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं, आणि इथेच जाहिराती हात मारतात. सकाळी उशीवर सापडलेला केस उजेडात धरा. एका टोकाला पांढरट बारीक गाठ दिसली तर तो मुळापासून आलाय. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणं त्वचारोगतज्ज्ञ स्वाभाविक मानतात. त्याहून जास्त गळत असतील तर कारण लोह, थायरॉइड, बाळंतपण, आजारपण, आनुवंशिकता यांत शोधायचं, उशीवर नाही. गाठ नाही आणि केस आखूड आहे, तर तो तुटलेला. फक्त या दुसऱ्या ढिगात अभ्रा थोडी मदत करू शकतो. ओले केस घेऊन झोपायची सवय असेल तर तीही नाही, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. केस वाळवून सैल वेणी घालून झोपणं फुकट आहे आणि आपल्याकडच्या आज्या ते कायम सांगत आल्यात.

त्वचेचं गणित मात्र इतकं सोपं नाही, कारण तिथे विणीइतकाच धागाही महत्त्वाचा. नेहमीचा दावा असा: सूत चेहऱ्याची क्रीम आणि ओलावा शोषून घेतं, सिल्क शोषत नाही. आता वस्त्रशास्त्रातले आकडे बघा. हवेत सर्वसाधारण दमटपणा असताना रेशीम स्वतःच्या वजनाच्या सुमारे ११ टक्के ओलावा धरून ठेवतं, सूत साधारण साडेआठ टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणजे ओलावा न शोषणारं कापड हवं असेल तर शर्यत तीनशे रुपयांचं पॉलिएस्टर जिंकतं. पण तेच पॉलिएस्टर मे महिन्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत घ्या. घाम कापडात जात नाही, गाल आणि उशी यांच्यामध्ये चिकचिकत राहतो, आणि रात्री दोनला तुम्ही उशी उलटी करता. रेशीम घामाची वाफ सामावून घेतं, म्हणून ते कमी कोंदट वाटतं. माझ्या मते रेशमासाठी जास्तीचे पैसे मोजायचे तर याच एका कारणासाठी. नागपूरच्या कोरड्या थंडीत पॉलिएस्टरची दुसरी तऱ्हा: स्थिर वीज साठते आणि सकाळी केस उभे राहतात.

सुरकुत्यांचं काय? सकाळी गालावर उठणारा वळ गुळगुळीत कापडाने थोडा कमी उठतो, हे समजण्यासारखं आहे. कुशीवर किंवा पालथं झोपल्याने वर्षानुवर्षं पडत जाणाऱ्या रेघा मात्र डोक्याच्या वजनाने चेहरा दाबला जातो म्हणून पडतात. तो दाब रेशमावरही तेवढाच असतो. ‘रेशमातली अमिनो आम्लं त्वचेत मुरतात’ हे वाक्य दिसलं की ती वस्तू खाली ठेवावी. ती आम्लं कापडाच्या प्रथिनात घट्ट बांधलेली असतात, रात्रीतून उठून गालात शिरत नाहीत. पिंपल्सना तर उशीचं कापड कुठलं यापेक्षा ते किती दिवस धुतलं नाही हा प्रश्न जास्त लागू पडतो.

त्वचेच्या आजारात रेशीम खरंच उपयोगी पडतं का, याची एक नीट चाचणी ब्रिटनमध्ये झाली, पण अभ्र्यांची नाही, कपड्यांची. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एक्झिमा (इसब) असलेली ३०० मुलं निवडली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत रेशमी कपडे दिले, निम्म्यांवर फक्त उपचार चालू ठेवले. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांत आजाराच्या तीव्रतेत दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. जिथे बहुतेक रात्री अंगभर रेशमी कपडा असूनही फरक नाही, तिथे गालाखालच्या चौकोनी तुकड्याकडून चमत्काराची अपेक्षा मी तरी करणार नाही.

तरीही सिल्क घ्यायचंच ठरलं, तर फसू नका. सिल्कच्या कापडाच्या वजनाचं माप मॉमी. १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. अभ्र्यासाठी १९ ते २५ मॉमी चालतं. २२ म्हणजे साधारण ९५ ग्रॅम. मॉमीचा आकडाच लिहिलेला नसेल तर शंका घ्यावी. भारतात विकल्या जाणाऱ्या शुद्ध रेशमावर ‘सिल्क मार्क’चं लेबल मिळू शकतं; केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ते २००४ मध्ये सुरू झालं. घरी तपासायचं तर आतल्या शिवणीतून दोनचार धागे ओढा, चिमट्यात धरा आणि वॉशबेसिनवर काडी लावा. रेशीम केस जळल्यासारखं वासतं आणि मागे राहिलेली काळी राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि गार झालं की टणक मणी उरतो, तो चुरत नाही.

बजेट कमी आणि घाम जास्त असेल तर एक तिसरा पर्याय आहे, त्याची जाहिरात कोणी करत नाही: कॉटन सॅटिन. सूत असल्याने घाम टिपतं, वीण सॅटिनची असल्याने साध्या सुतापेक्षा गुळगुळीत, आणि इतर कपड्यांबरोबर मशीनला लावता येतं. बहुतेक घरांसाठी मी हेच सुचवेन. जनावराला इजा नको म्हणून रेशीम टाळणाऱ्यांचाही प्रश्न त्यात सुटतो. नेहमीच्या रेशमासाठी कोष आतल्या जिवासकट उकळतात.

सिल्कचे लाड मात्र करावे लागतात. थंड पाणी, सौम्य लिक्विड, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं, इस्त्री उलट्या बाजूने आणि मंद. ब्लीच अजिबात नको, त्यात रेशीम अक्षरशः विरघळतं. डाग काढणाऱ्या पावडरींमध्ये बऱ्याचदा प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, आणि रेशीम म्हणजे प्रथिनच. सॅटिन कुठलंही असो, वरचे ते लांब मोकळे धागे कानातल्याच्या टोकात नाहीतर मंगळसूत्राच्या हुकात अडकून ओढले जातात, म्हणून झोपताना ते काढून ठेवलेलं बरं. खोबरेल तेलाचा डाग रेशमावरून सहज जात नाही आणि पॉलिएस्टरमध्ये त्याचा खवट वास धुतल्यावरही रेंगाळतो. तेल लावलेल्या रात्री दोन्ही अभ्रे कपाटात ठेवा आणि उशीवर जुना सुती पंचा टाका.