अर्भक मृत्युदर वाचताना आधी छेद बघा

इंग्लंडमधल्या छोट्या गावांचे शंभर वर्षांपूर्वीचे आरोग्य अहवाल आता घरबसल्या वाचता येतात. त्यातला एखादा आकडा उचलून ‘तिथे वर्षभरात बालमृत्यू दीडपट झाले’ असं ठोकून देणंही त्यामुळे सोपं झालंय.

वर्षभरात दगावलेली एक वर्षाखालची बाळं भागिले त्या वर्षीचे जन्म, गुणिले १०००, हा अर्भक मृत्युदर. समजा, एखाद्या ‘अर्बन डिस्ट्रिक्ट’मध्ये (छोट्या शहराच्या स्थानिक कारभाराचा विभाग) वर्षाला २०० जन्म होतात. १६ मृत्यू झाले तर दर ८०, २४ झाले तर १२०. फरक आठ बाळांचा, आणि तेवढ्याला दोन गल्ल्यांतली जुलाबाची साथ पुरते. अख्ख्या इंग्लंड-वेल्सचा दर १९१० मध्ये १०५, १९११ च्या कडक उन्हाळ्यात १३० आणि १९१२ मध्ये ९५ होता. तिथे जन्मच लाखांत, त्यामुळे तो चढउतार खरा मानायचा. (त्या काळी मृत्यूचं कारण म्हणून ‘दात येणे’ही नोंदलं जाई. दातांनी बाळ मरत नाही. आपल्याकडे अजूनही जुलाब दातांवर ढकलून जलसंजीवनी द्यायला उशीर करतात.)

खरी गंमत छेदात आहे. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद निबंधकाकडे ४२ दिवसांत करायची. १९०७ च्या कायद्याने आरोग्य अधिकाऱ्याला ३६ तासांत वेगळी वर्दी द्यायची सोय केली. १९१५ पासून ती देशभर सक्तीची झाली. हेतू हा, की आरोग्यसेविका लवकर घरी पोहोचावी. या वर्दीत २८ आठवड्यांनंतरची मृतजात बाळंही येत, निबंधकाच्या वहीत ती १९२७ पर्यंत नव्हती. म्हणून दोन्ही याद्या जुळत नाहीत, आणि दरासाठी वर्दीचा आकडा घेतला की चूक झालीच.

पुढचा घोळ पत्त्याचा. बाळंतपण शेजारच्या शहरातल्या इस्पितळात झालं, तर नोंद तिकडे. म्हणून १९११ पासूनच्या तक्त्यांत ‘असंस्कारित’ (वहीत नोंदले तसे) आणि ‘निव्वळ’ (राहत्या पत्त्यानुसार दुरुस्त केलेले) असे दोन रकाने दिसतात. वहीत २०० जन्म. बाहेरच्यांचे १२ वजा, आपल्यांचे बाहेर झालेले २० अधिक, निव्वळ २०८. मृत्यू २४, ५ वजा, २ अधिक, निव्वळ २१. दर १२० वरून १०१ वर येतो! अंश निव्वळ आणि छेद कच्चा घेतला तर १०५. एकाच गावाचे एकाच वर्षी तीन दर.

मुंबईचा १९२१ चा दर हजारी ६०० च्या वर नोंदला गेला, त्यामागेही हे आहे. बाई बाळंतपणाला गावी जायची, जन्म तिथे नोंदला जायचा किंवा कुठेच नाही. परतल्यावर बाळ दगावलं तर मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत. चाळींतली परिस्थिती भीषण होतीच, पण तीनपैकी दोन बाळं मेली असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

जन्मदराचा (दर हजार लोकांमागे किती जन्म) छेद म्हणजे लोकसंख्या, आणि ती दोन जनगणनांमध्ये अंदाजानेच धरायची. समजा, एका गावची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,०००, १९०१ मध्ये १०,०००, तर त्याच वेगाने १९११ मध्ये १२,५००. प्रत्यक्षात ११,००० निघाली, तर ३०० जन्मांचा दर २४ नव्हे, २७.३. त्यामुळे १९०२ ते १९१० चे छापील जन्मदर जसेच्या तसे उचलू नयेत. दोन्ही जनगणनांमधून लोकसंख्या काढून पुन्हा भागाकार करावा.