‘वेळ नाही’च्या आड

बडोद्यात मकरपुरा किंवा नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या पस्तिशी ओलांडलेल्या इंजिनिअरजवळ एमबीएचा विषय काढून पाहा. ‘शिफ्टमधून वेळ कुठला?’ हेच ऐकायला मिळेल. ऑनलाइन एमबीएमुळे रेकॉर्ड केलेलं लेक्चर नाइट संपवून घरी आल्यावरही पाहता येतं. तरीही बरेच जण प्रवेश घेत नाहीत. म्हणजे गोम निव्वळ वेळेत नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१मध्ये प्रौढ शिक्षणातल्या अडथळ्यांचे तीन प्रकार मांडले. वेळ, पैसा, लहान मुलं हे परिस्थितीचे. वर्गाच्या वेळा, प्रवेशाच्या अटी हे संस्थेचे. आणि ‘या वयात मला झेपेल का?’ हा मनातला. सर्वेक्षणांमध्ये हा तिसरा प्रकार कमी दिसतो, पण प्रत्यक्षात तो जास्त असावा, असं क्रॉस यांना वाटत होतं. साहजिकच आहे. ‘वेळ नाही’ म्हणताना मान खाली जात नाही. ‘जमणार नाही’ म्हणताना जाते.

ऑनलाइन शिक्षण पहिले दोन अडथळे बरेच हलके करतं. तिसरा तिथेच ठाण मांडून असतो. माणूस फॉर्म भरतो, कपाटातली पिवळी पडलेली मार्कशीट शोधून स्कॅन करतो, आणि पहिल्याच सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स दिसलं की फी भरायच्या पानावर अडतो.

माणूस मेहनतीला कधी तयार होतो, याचा मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूम यांनी १९६४मध्ये जणू हिशेबच मांडला. मेहनत केली तर जमेल का, जमलं तर काही पदरात पडेल का, आणि जे पडेल ते मला खरंच हवंय का? या तिन्हींचा गुणाकार करायचा. एक शून्य निघालं की सगळंच शून्य. फीमधली सवलत त्या पहिल्या शून्याला हातही लावत नाही. त्याला हलवू शकतो तो आपल्याच प्लान्टमधला, आपल्याइतकेच मार्क असलेला आणि तरी पास झालेला सहकारी. आपल्यासारख्याला जमलेलं पाहिलं की आत्मविश्वास वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्येच सांगितलं होतं. जाहिरातवाले मात्र अजून सुटाबुटातले हसरे चेहरेच दाखवतात.

व्रूम यांचा दुसरा प्रश्न, काही पदरात पडेल का, हा पदवीच्या वजनाचा. पुढे नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३मध्ये पदवीकडे इशारा म्हणून पाहिलं: उमेदवाराची कुवत मालकाला थेट दिसत नाही, पदवीवरून तो अंदाज बांधतो. मग हा इशारा मालक मानतो का, हे महत्त्वाचं. मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं. मात्र आपला अभ्यासक्रम यूजीसीच्या यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावं, आणि प्रमोशनच्या वेळी ती पदवी धरतात का, हे एचआरला सरळ विचारावं.

‘मला खरंच हवंय का?’ या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याला. प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक सिरिल हूल यांनी शिकत्या प्रौढांशी बोलून १९६१मध्ये त्यांचे तीन गट केले होते: ध्येय ठेवून शिकणारे, माणसांत मिसळायला येणारे आणि शिकण्याच्याच ओढीने येणारे. यातल्या मधल्या गटाने, शिफ्ट सांभाळून जमत असेल तर, संध्याकाळचे वर्ग असलेलं कॉलेज गाठलेलं बरं. रेकॉर्ड केलेल्या लेक्चरला शेजारी कोणी बसलेलं नसतं.