जुन्या मायक्रोफोनची ऊब नेमकी कशात असते?

बर्लिनच्या नॉयमान कंपनीने १९४९च्या सुमारास यू ४७ हा मायक्रोफोन बाजारात आणला. फ्रँक सिनात्राच्या स्टुडिओतल्या छायाचित्रांत त्याच्या तोंडासमोर जो जाडजूड चंदेरी दंडगोल दिसतो, तो हाच. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सचे आवाज याच्यावर आणि याच्याच भावंडावर, यू ४८वर, मुद्रित झाले. आज चालू स्थितीतला अस्सल यू ४७ दहा हजार डॉलरच्या खाली क्वचितच मिळतो. तेवढ्या पैशांत उत्तम प्रतीचे दोन-तीन नवे स्टुडिओ मायक्रोफोन येतात. तरीही लोक जुना शोधत फिरतात, कारण त्याच्या आवाजात ऊब आहे असं त्यांचं म्हणणं असतं. ही ऊब कुठून येते असं विचारलं, की बहुतेक जण आतल्या व्हॉल्व्हकडे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या निर्वात नळीकडे, बोट दाखवतात. मला हे उत्तर पटत नाही. खरं उत्तर जास्त रंजक आहे, आणि घरी बसून रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे.

यू ४७ हा कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन. आधी तो चालतो कसा ते पाहू. ही कल्पना १९१६ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेंट यांनी प्रत्यक्षात आणली. पुढे रूढ झालेली रचना अशी: प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा, त्यावर सोन्याचा थर, आणि त्याच्यामागे भोकं पाडलेली धातूची चकती. पडद्याची जाडी पाच-सहा मायक्रोमीटर. पडदा आणि चकती यांच्यातली फट चाळीस-पन्नास मायक्रोमीटरची, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. या जोडगोळीला कॅप्सूल म्हणतात. तिच्यावर साठेक व्होल्टचा स्थिर दाब दिला की ती विद्युतभार साठवते. आवाजाने पडदा हलला की फट कमी-जास्त होते. साठलेला भार तेवढाच राहतो, पण धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, बदलते, म्हणून व्होल्टेज बदलतं. तोच आपला सिग्नल.

अडचण इथून पुढे सुरू होते. कॅप्सूलची धारकता ५० ते १०० पिकोफॅरड, म्हणजे अगदीच नगण्य. साध्या मायक्रोफोन केबलच्या एक मीटर लांबीची धारकताही जवळपास तेवढीच असते. म्हणजे कॅप्सूल थेट केबलला जोडली, तर पहिल्या मीटरमध्येच अर्धा सिग्नल गेला आणि दहा मीटरवर जेमतेम दहावा हिस्सा उरला. शिवाय खर्जाचे २० हर्ट्झपर्यंतचे स्वर टिकवायचे, तर कॅप्सूलला पुढे मिळणारा रोध निदान १०० मेगाओहमचा हवा. प्रत्यक्षात तो गिगाओहमपर्यंत नेतात. म्हणून कॅप्सूलच्या अगदी शेजारी, दोन-चार सेंटिमीटरवर, असा एक घटक बसवावा लागतो जो तिच्याकडून जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह न घेता पुढची केबल हाकू शकेल. १९४९ साली हे काम करणारी एकच गोष्ट उपलब्ध होती, ती म्हणजे व्हॉल्व्ह. आवाज गोड व्हावा म्हणून कुणी तो निवडला नव्हता.

यू ४७मधला व्हॉल्व्ह टेलिफुंकेनचा व्हीएफ १४. त्याची जोडणी जवळून पाहण्यासारखी आहे. त्याच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, कारखान्याच्या हिशेबाने ५५ व्होल्ट लागत. नॉयमानच्या अभियंत्यांनी त्याला सुमारे ३६ व्होल्टवर चालवलं. कमी तापवल्याने तो जास्त वर्षं टिकला आणि त्याची खरखरही घटली. त्यासाठी लागणारं व्होल्टेज १०५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यातून काढायचं म्हणून दांड्याच्या आत तारेचा एक मोठा रेझिस्टर बसवला, आणि त्याच्यामुळे अख्खा मायक्रोफोन हाताला कोमट लागतो. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिफुंकेनने व्हीएफ १४ बनवणं थांबवलं. आज एका चांगल्या व्हीएफ १४ची किंमत एखाद्या नव्या मायक्रोफोनइतकी भरते, आणि त्या व्हॉल्व्हभोवतीचं वलय बऱ्याच अंशी या दुर्मीळपणातून आलेलं आहे.

आता थोडं गणित करू. व्हॉल्व्ह सिग्नलमध्ये मूळ स्वराच्या दुप्पट कंप्रतेचा स्वर किंचित मिसळतो, आणि ते कानाला गोड लागतं. हे खरं आहे. प्रश्न किती मिसळतो हा आहे. त्या पिढीच्या व्हॉल्व्ह मायक्रोफोनमध्ये ही भेसळ अर्ध्या टक्क्यावर जायला साधारण ११० ते ११५ डेसिबेलचा आवाज लागतो. गायक हातभर अंतरावरून गात असेल, तर पडद्यापर्यंत पोचणारा आवाज बहुतेक वेळ ९० ते ९५च्या घरात असतो, म्हणजे त्या मर्यादेच्या वीसेक डेसिबेल खाली. वीस डेसिबेल खाली ही भेसळ दहापट कमी होते, ०.०५ टक्क्याच्या आसपास. तुम्ही ज्या स्पीकरवर ते गाणं ऐकता, तो स्पीकर खर्जात याच्या कितीतरी पट भेसळ स्वतः करतो. कुणी तोंड अगदी जवळ आणून तार सप्तकात ओरडलं तर व्हॉल्व्ह ऐकू येईल. शांत भावगीतात तो ऐकू येत असेल असं मला वाटत नाही.

मग ऊब येते कुठून? मुख्यतः कॅप्सूलमधून, आणि तिच्याभोवतीच्या जाळीतून. यू ४७च्या सुरुवातीच्या नगांत एम ७ नावाची कॅप्सूल होती, तिची मूळ रचना १९३०च्या दशकातली. पडदा किती ताणलेला आहे, चकतीला भोकं किती आणि किती खोल आहेत, यावरून कोणत्या पट्टीतले स्वर उचलले जातील आणि कोणते मागे पडतील हे ठरतं. तबल्याची पुडी जशी ताण, शाई आणि खालच्या खोडाची पोकळी या तिन्हींवर बोलते, तसंच इथेही आहे: कॅप्सूलबरोबर तिच्यावरची जाळीची टोपी आणि आतली हवेची पोकळीही स्वराला आकार देतात. यू ४७ची जाळी बदलून बारीक केली तर त्याचा आवाज ओळखू येण्याइतका बदलतो, व्हॉल्व्ह तोच ठेवला तरी. शेवटी सिग्नल बाहेर काढणारा ट्रान्सफॉर्मर खर्जात थोडी भर घालतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा पूर्व जर्मनीत आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावामुळे कंपनीचे संस्थापक गेओर्ग नॉयमान यांनी कारखाना थ्युरिंगियातल्या गेफेल या गावी हलवला. युद्धानंतर देशाची फाळणी झाली. नॉयमान पश्चिम बर्लिनमध्ये नव्याने उभे राहिले आणि गेफेलचा कारखाना पूर्वेकडे राहिला. तिथे एम ७ कॅप्सूल पुढेही बनत राहिली, जुन्या पद्धतीच्या पीव्हीसी पडद्यासकट. म्हणजे ज्या रचनेला आपण ‘व्हिंटेज’ म्हणून डोक्यावर घेतो, ती कोरी करकरीत मिळू शकते. जुनेपणा आणि रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते आवाज रचनेत असतो.

पन्नाशीच्या दशकात गायक मायक्रोफोनच्या अधिक जवळ येऊन गाऊ लागले. तेवढ्या अंतरावर यू ४७ कर्कश वाटे. म्हणून १९६० साली नॉयमानने यू ६७ आणला. त्याची के ६७ ही कॅप्सूल मुद्दामच पाच हजार हर्ट्झच्या वर चढत जाणारी, दहा हजारच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण अशी बनवली होती. ऐकायला हे उलटं वाटेल. खुबी पुढच्या सर्किटमध्ये आहे: वरच्या स्वरांचा हा चढ सर्किट तितक्याच प्रमाणात उतरवतं, आणि असं करताना व्हॉल्व्हची वरच्या पट्टीतली खरखरही त्याच्याबरोबर खाली जाते. कॅप्सूल आणि सर्किट ही एकमेकांसाठी घडवलेली जोडी होती. मला हा मायक्रोफोनच्या इतिहासातला सर्वांत देखणा विचार वाटतो.

ट्रान्झिस्टर आल्यावर हाच विचार पुढे गेला. १९६६ साली नॉर्वेच्या रेडिओसाठी नॉयमानने केएम ८४ बनवला. त्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासून होता, म्हणून मायक्रोफोनलाही तोच दिला, केबलच्या त्याच तारांमधून. आज घराघरातल्या ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या डबीवर, ‘४८ व्होल्ट’ लिहिलेलं जे बटण असतं, त्याचं मूळ या दिव्यांत आहे. १९६७मध्ये यू ६७चा वारस यू ८७ आला: कॅप्सूल त्याच कुळातली, व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर, आणि वरचे स्वर उतरवण्याची युक्ती कायम. आजही तो जगभरच्या डबिंग स्टुडिओंत दिसतो.

इथे आपण आजच्या स्वस्त मायक्रोफोनपाशी येतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चीनमध्ये बनलेल्या असंख्य मायक्रोफोनांत के ६७ची नक्कल असलेली कॅप्सूल बसवली गेली. पुढचं सर्किट मात्र दुसऱ्याच, वरचे स्वर न चढवणाऱ्या कॅप्सूलसाठी आखलेलं, सोपं आणि कमी भागांचं. चढ आला, उतार आलाच नाही. परिणाम काय होतो ते मराठीत फार चटकन कळतं. ‘चांदणं’, ‘चूल’, ‘चाक’ यांतला दंततालव्य च, शिवाय स आणि श, यांची बरीचशी सळसळ पाच ते दहा हजार हर्ट्झच्या मध्ये असते. नेमकी तीच पट्टी फुगलेली असली की कथावाचन ऐकताना प्रत्येक ‘च’ टोचतो. लोक म्हणतात, नवीन मायक्रोफोन थंड असतात. नवेपणाचा इथे काही दोष नाही. नक्कल अर्धी आहे. याच मायक्रोफोनांत दोन-चार रुपयांचे रेझिस्टर आणि कपॅसिटर योग्य जागी घालून तो उतार परत आणणारे हौशी लोक जगभर आहेत, आणि फरक चक्क ऐकू येतो. ज्यांना सोल्डरिंग जमत नाही त्यांनी इक्वलायझरने दहा हजारच्या आसपासचा भाग तीन-चार डेसिबेल उतरवून पाहावा.

एका बाबतीत मात्र नवे मायक्रोफोन निर्विवाद पुढे आहेत, ती म्हणजे शांतता. प्रत्येक मायक्रोफोन स्वतःची थोडी सरसर घालतोच. आजच्या यू ८७च्या सुधारित आवृत्तीत ती १२ डेसिबेल आहे. नॉयमानच्याच १९९७च्या टीएलएम १०३मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही, आणि सरसर ७ डेसिबेल. सिडनीच्या रोड कंपनीचा एनटी १-ए त्याहून कितीतरी स्वस्त आहे आणि त्याची सरसर ५ डेसिबेल. जुने व्हॉल्व्ह मायक्रोफोन याच्या कितीतरी वर असतात. उत्तम स्टुडिओची खोलीच मुळात पंधरा-वीस डेसिबेलची असते. रात्री पंखा बंद केलेली घरातली खोली तीसच्या आसपास. त्यामुळे घरच्या गायनात हा फरक खोलीच्या आवाजात बुडून जातो. तानपुऱ्याची जवारी विरत जाताना, संतूरचा शेवटचा झंकार मावळताना किंवा जंगलातला पहाटेचा आवाज टिपताना तो उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. जुन्या मायक्रोफोनांचे जे आवाज आपण मनात धरून बसलो आहोत, ते टेपवर मुद्रित झाले होते. टेपची एकावरून दुसरी प्रत काढताना वरचे स्वर दर खेपेला थोडे झिजत. टोकदार मायक्रोफोन त्या काळात गरजेचा होता, कारण त्याची धार टेप बोथट करत असे. आता संगणक काहीच झिजवत नाही. तोच मायक्रोफोन आज थेट हार्ड डिस्कवर ऐकला तर कित्येकांची निराशा होते.

आणि मग वय. पीव्हीसीचा पडदा सत्तर वर्षांत कडक होतो, आकसतो, कधी तडकतो. त्यावर गायकांच्या श्वासाचा, सिगारेटच्या धुराचा थर बसतो. कपॅसिटर सुकतात. एकाच वर्षी बनलेले दोन यू ४७ आज शेजारी ठेवले तर ते दोन वेगळे मायक्रोफोन असतात. ‘यू ४७चा आवाज’ असं एकवचनात बोलणं मला त्यामुळे धाडसाचं वाटतं. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर पडते. मघाशी म्हटलं तसा कॅप्सूलपाशी गिगाओहमचा रोध असतो. दमट हवेत तिथल्या धुळीच्या कणांवर ओल धरली की विजेला चोरवाट मिळते आणि फुटाण्यांसारखे फटफट आवाज येऊ लागतात. मुंबई, कोकण, गोव्यात जुलै महिन्यात कंडेन्सर मायक्रोफोन उघड्यावर स्टँडला लावून ठेवू नये. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून सुकवाव्यात किंवा बदलाव्यात.

जुना आणि नवा यांची तुलना स्वतः करायची असेल, तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, जागा. दहा हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरहून कमी असते, म्हणजे एक मायक्रोफोन इंचभर जरी पुढेमागे झाला तरी तुम्ही मायक्रोफोनऐवजी जागाच ऐकत असता. दोन्ही कॅप्सूल एकमेकींना जवळजवळ चिकटवून, एकाच उंचीवर, एकाच वेळी मुद्रण करावं. दुसरी, पातळी. एक डेसिबेलने मोठा असलेला आवाज आपल्या कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. गुणगुणण्याऐवजी स्पीकरवरून एक हजार हर्ट्झचा स्थिर स्वर वाजवून दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर आणावेत. मग मित्राला फाइलींची नावं बदलायला सांगून, संगणकाच्या पडद्याकडे न बघता, वेगवेगळ्या दिवशी ऐकावं. कोणता ट्रॅक कोणत्या मायक्रोफोनचा, हे निवड लिहून झाल्यावरच विचारावं.