मेदिचींनाही हवा होता मसाल्याच्या धंद्यात वाटा

इटली आणि समुद्र म्हटलं की सगळे व्हेनिसवर येऊन थांबतात, पण मला फ्लोरेन्सवाल्यांची स्टोरी जास्त भारी वाटते. यांच्याकडे पैसा होता, हिशेब ठेवायची अक्कल होती, फक्त अटलांटिकवर बंदर नव्हतं. त्यामुळे मग दुसऱ्याच्या जहाजात भागीदारी. मार्किओनी नावाचा फ्लोरेन्सचा एक सावकार लिस्बनमध्ये बसलेला, त्याने १५०० मध्ये भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज कप्तान काब्रालच्या ताफ्यात पैसे लावले होते.

पुढे तर माणसंच इकडे आली. फिलिप्पो सासेत्ती १५८३ मध्ये कोचीला उतरला, पोर्तुगालच्या मिरीच्या ठेकेदारासाठी खरेदी करायला. पत्रं लिहायची भारी हौस, त्यातच त्याने एक गोष्ट टिपून ठेवली की संस्कृतमधला देव म्हणजे इटालियनमधला दिओ, सर्प म्हणजे सेर्पे, आणि सहा-सात-आठ-नऊ हे आकडेही जुळतात. भाषाशास्त्रवाले हे म्हणायला लागले त्याच्या दोनशे वर्षं आधी, आणि हा गडी मिरीचा व्यापारी! १५८८ ला गोव्यातच वारला.

त्याच्या आदल्याच वर्षी मेदिची या फ्लोरेन्सच्या राजघराण्यातला फर्दिनांदो पहिला टस्कनीचा, म्हणजे फ्लोरेन्सच्या राज्याचा, ग्रँड ड्यूक झाला, त्याआधी तो कार्डिनल, म्हणजे चर्चचा बडा धर्माधिकारी होता. त्याने टस्कनीचं लिव्होर्नो बंदर खुलं केलं, १५९१ आणि १५९३ ला जाहीरनामे काढले की ज्यू, तुर्क, आर्मेनियन, कोणीही या, धंदा करा, धर्मावरून छळ होणार नाही. एवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं, स्वतःची वसाहतही हवी होती, म्हणून १६०८ मध्ये थॉर्नटन नावाच्या इंग्रज कप्तानाला दक्षिण अमेरिकेत गयाना-ॲमेझॉनकडे पाठवलं. कप्तान १६०९ ला परत येऊन बघतो तर फर्दिनांदो फेब्रुवारीतच गेलेला आणि गादीवरच्या पोराला, कोसिमोला, यात काही इंटरेस्ट नाही. फाइल बंद.

कार्लेत्तीचं तर अजूनच वाईट झालं. फ्लोरेन्सचाच व्यापारी फ्रान्चेस्को कार्लेत्ती १५९४ ला बापासोबत स्पेनहून निघाला तो गुलाम विकत घेऊन विकायला (हेही यात होतं, लपवण्यात अर्थ नाही), तिथून पेरू, मेक्सिको, जपान, मकाव करत, बापाला मकावमध्ये पुरून, गोव्याला आला. तिथून माल भरून निघाला आणि १६०२ मध्ये अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाजवळ डच लोकांनी जहाजच पकडलं. मग हॉलंडमध्ये कोर्टाच्या खेपा, ग्रँड ड्यूकची पत्रं, वर्षानुवर्षं तारीख पे तारीख, आणि हातात पडली थोडीशीच रक्कम. १६०६ ला घरी पोचला.

इटलीतल्याच जिनोआ या बंदराच्या शहराने १६४७ मध्ये चक्क स्वतःची ईस्ट इंडिया कंपनी काढली. दोन जहाजं, त्यावर खलाशी बरेचसे डच, कारण तो रस्ता त्यांनाच माहीत. १६४९ मध्ये डच कंपनीने दोन्ही जहाजं धरून बटाव्हियाला (आजचं जकार्ता) नेली, विषय संपला. डचांच्या मक्तेदारीत डच खलाशी घेऊनच घुसायचं म्हणजे कमालच म्हणायची.

चाललं ते वेगळंच काहीतरी. लिव्होर्नोमध्ये भूमध्य समुद्रातलं पोवळं घासून मणी व्हायचे आणि अठराव्या शतकात तिथल्या ज्यू पेढ्या ते लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायच्या. गोव्यात ते घ्यायचे सारस्वत व्यापारी, कामत वगैरे, आणि बदल्यात हिरे पाठवायचे. एक देव्हाऱ्यापुढे बसणारा, दुसरा शब्बाथ पाळणारा, एकमेकांचं तोंड कधी बघितलेलं नाही, पत्रव्यवहार मात्र पोर्तुगीजमध्ये. पत्राचं उत्तर यायलाच वर्ष-दोन वर्षं जायची, तरी उधारी चालायची. आणि जहाज? ते तेव्हाही पोर्तुगीजांचंच.