‘तीन पैशाचा तमाशा’ची मूळ गोष्ट ब्रेख्तची नव्हे

पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’चा (1978) विषय निघाला की हमखास ऐकू येतं, ‘मूळ गोष्ट ब्रेख्तची.’ अर्धंच खरं. पुलंनी रूपांतर केलं ते जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 1928च्या नाटकाचंच. पण तेही रूपांतरच! गोष्ट लंडनची, त्याच्याही दोनशे वर्षं आधीची: जॉन गे यांचं ‘द बेगर्स ऑपेरा’, 1728.

गे यांच्या या नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा चोरांचा म्होरक्या पीचम हिशेबाची चोपडी उघडून बसलेला. कोणत्या चोरानं किती सोन्याची घड्याळं आणली, कोणाला ठेवायचं, कोणाला पकडून देऊन फासावर पाठवायचं. एकाचा नंबर लागतो, कारण पठ्ठ्याला प्रामाणिकपणे शिंपीकाम करायचंय!

हा पीचम हवेतून आला नव्हता. लंडनचा खराखुरा गुन्हेगार जोनाथन वाइल्ड असाच चोऱ्या करवायचा, बक्षीस घेऊन तोच माल मालकाला परत करायचा आणि डोईजड झालेल्या चोरांना पकडून द्यायचा. 1725मध्ये तो स्वतःच लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी फासावर गेला. प्रेक्षकांना मात्र पीचममध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान वॉलपोलही दिसले. गे यांच्या पुढच्या नाटकावर, ‘पॉली’वर, 1728मध्येच बंदी आली.