ऑपरेटिंग सिस्टिमचे सामूहिक अपग्रेड

कार्यालयातल्या अनेक संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम, प्रत्येकापुढे पेनड्राइव्ह घेऊन न बसता, एकाच ठिकाणाहून आज्ञा देऊन नव्या आवृत्तीवर नेण्याची पद्धत. दरमहा येणाऱ्या सुरक्षा-पॅचपेक्षा (त्रुटी बुजवणाऱ्या छोट्या दुरुस्त्यांपेक्षा) हे काम मोठे असते, कारण त्यात सिस्टिमचा पायाच बदलतो आणि त्यावर उभे असलेले जुने काहीही डळमळू शकते.

विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा-अपडेट, १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, म्हणून काही यंत्रे मुळातच अपात्र ठरतात. साहजिकच पहिले काम मोजदादीचे: यंत्रे किती, कोणती, कोणाच्या टेबलावर. हिंजवडी-खराडीच्या मोठ्या कंपन्यांत यासाठी स्वतंत्र विभाग असतो. सदाशिव पेठेतले सीए कार्यालय किंवा भोसरीतला कारखाना मात्र आठवड्यातून एकदा येणाऱ्या एएमसीवाल्यावर (वार्षिक देखभाल कंत्राटदारावर) विसंबून असतो. स्वयंचलनाची खरी गरज या दुसऱ्या गटाला आहे.

मार्ग मुख्यतः दोन. पहिल्यात चालू सिस्टिमवरच नवी बसवतात. फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, जुनी विंडोज एका फोल्डरमध्ये साठते आणि साधारण दहा दिवस मागे परतता येते. दुसऱ्यात डिस्क पुसून कोरी सुरुवात होते. संगणक पीएक्सई या सोयीद्वारे डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू होतो, डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून नेटवर्कवरचा पत्ता घेतो, सर्व्हरवरून छोटा बूट-प्रोग्रॅम ओढतो आणि मग पूर्ण सिस्टिम उतरवतो. इन्स्टॉल करताना विचारले जाणारे भाषा, डिस्कचे विभाजन, वापरकर्ता वगैरे प्रश्न आधीच लिहून ठेवलेल्या उत्तर-फायलीतून सुटतात. लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात तिला किकस्टार्ट, डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये प्रीसीड म्हणतात. चाळीस संगणकांनी तेच काही जीबी इंटरनेटवरून वेगवेगळे ओढले तर ब्रॉडबँड गुदमरतो, म्हणून एक प्रत कार्यालयातल्या सर्व्हरवरच ठेवतात.

रात्री बंद संगणक नेटवर्कवरून संदेश पाठवून उठवायला वेक-ऑन-लॅन वापरतात. त्याच्या संदेशात सर्व बिट एक असलेले सहा बाइट आणि त्यापुढे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा कायमचा पत्ता (मॅक) सोळा वेळा असतो. पण नेटवर्क कार्डाला वीज मिळत असेल तरच तो ऐकू जातो. शेवटी निघणारा माणूस सवयीने बोर्डाची बटणे बंद करून गेला, की सकाळी काहीच झालेले नसते. त्या संध्याकाळी बटणांवर चिकटवलेली चिठ्ठी हाही या तंत्राचाच भाग धरावा.

सर्व यंत्रांवर एकदम हात घालू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. तो ऑपरेटिंग सिस्टिमचा अपग्रेड नव्हता, तरी टप्प्याटप्प्याने का जावे याचे ते स्पष्ट उदाहरण आहे. आधी दोन-तीन यंत्रे, काही दिवसांनी दहा, मग उरलेली.

पहिल्या दोन-तीनमध्ये कोणती घ्यायची, हा निर्णय पुण्यात विशेष विचाराने करावा लागतो. युनिकोडपूर्वीचे (सर्व संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरे येण्याआधीचे) मराठी टंकलेखन ज्यांवर पोसले गेले ती श्रीलिपी आणि सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचे आयएसएम ही दोन्ही सॉफ्टवेअर पुण्याशी जोडलेली आहेत. छापखाने, वकील आणि जुन्या संस्थांकडे त्या काळच्या फॉन्टमधला मजकूर अजून आहे. फॉन्ट गेला की तोच मजकूर रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसतो, आणि कळफलकाचा प्रोग्रॅम किंवा हार्डवेअर लॉकचा (सॉफ्टवेअरची नक्कल रोखणाऱ्या, संगणकाला जोडायच्या खुंटीचा) ड्रायव्हर नव्या सिस्टिमवर चालेलच असे नाही. डिजिटल सही ज्यात साठवलेली असते त्या यूएसबी टोकनलाही हाच धोका. म्हणून चाचणीसाठी साहेबांचा नवा लॅपटॉप नव्हे, टंकलेखकाचा सर्वांत जुना संगणक निवडावा, आणि त्याची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

वेळापत्रकात वारही पाहावा लागतो. पुण्यात वीज-देखभालीची कामे बहुधा गुरुवारी निघतात आणि भोसरी-पिंपरीतल्या अनेक कारखान्यांची सुट्टीही त्याच दिवशी असते. यूपीएस काही मिनिटेच तग धरतो, आणि डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर यंत्र पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. त्यामुळे सुट्टीचा दिवस मोकळा दिसला, तरी बुधवारच्या रात्री अपग्रेड लावत नाहीत. रविवारी बंद असणाऱ्या कार्यालयांत ते शनिवारी रात्री लावतात, म्हणजे बिघडलेली यंत्रे सावरायला रविवार हाताशी राहतो.